सासूबाईंचं पिंप आणि फ्लशची टाकी

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

ताई, आमच्या घरात सध्या पाण्यावरून रोज खटके उडतात. आम्ही पुण्यात धायरीला राहतो. इमारत १९९८ ची, चार मजले, २० फ्लॅट. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. माणसं पाच : आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. फेब्रुवारी उजाडला की टँकर सुरू होतात. सासूबाई लातूरच्या, २०१६ चा उन्हाळा त्यांनी तिथेच काढलाय. पाणी वाया गेलेलं त्यांना बघवत नाही. त्या टबमध्ये उभ्या राहून आंघोळ करतात, ते पाणी बाथरूममधल्या पिंपात ओततात आणि संडासला गेलं की फ्लश न ओढता त्यातलंच पाणी तांब्या-तांब्याने टाकायला लावतात. दुसऱ्या दिवशी पिंपाला वास मारतो. मुलं नाक मुरडतात, लादी निसरडी झालेली असते. ह्यांनी यावर एक व्हिडिओ शोधून काढलाय : वॉशिंग मशीनचं पाणी पिंपात आणि पिंपातून छोट्या पंपाने थेट फ्लशच्या टाकीत. पंप घरात येऊन पडलाय, फक्त जोडायचा बाकी आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला तर लोक हसले. हे पाणी संडासला वापरणं सुरक्षित आहे का? आणि बरोबर कोण, सासूबाई की हे?

– एक वाचक, धायरी

उत्तर :

बरोबर सासूबाईच. फक्त त्यांचं पिंप चुकलंय, आणि तो टब तर आजच्या आज उचला. ह्यांचा पंप मात्र खोक्यातच राहू द्या. का, ते सांगते.

आधी सासूबाईंची बाजू घेते, कारण पत्रात ती कोणी घेतलेली दिसत नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला पोचली, १० वॅगन, ५ लाख लिटर. ज्यांच्या गावाला पाणी रेल्वेने आणावं लागलं, त्यांना प्यायच्या पाण्याने संडास धुणं हा उधळेपणा वाटला तर नवल काय? आणि तो आहेच. शहरातल्या घरासाठी पाण्याचा हिशोब मांडताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरायची पद्धत आहे, त्यातले ४५ लिटर एकट्या फ्लशचे. तीन हंड्यांतला एक हंडा. तुमच्याकडे तर तो टँकरने येतो, खालच्या टाकीत पडतो, पंपाने गच्चीवर चढतो आणि मग कमोडमध्ये जातो. हाँगकाँगमध्ये १९५० च्या दशकापासून फ्लशसाठी समुद्राचं पाणी वेगळ्या पाइपने फिरवतात. त्यामुळे मीटिंगमध्ये जे हसले त्यांना हसू द्या.

आता पिंप. आंघोळीच्या पाण्यात साबण असतो म्हणून ते टिकेल असं वाटतं, पण त्यात अंगाचा मळ, तेल, केस आणि भरपूर जिवाणूही असतात. जिवाणू त्या मळावर जगतात आणि पाण्यातला प्राणवायू काही तासांत संपवतात. तो संपला की प्राणवायूशिवाय जगणाऱ्यांची पाळी. ते पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, म्हणजे नासक्या अंड्याचा वास. तुमच्या घरात येतो तो हाच. कापूर टाकून, फिनेल ओतून तो झाकता येतो, थांबवता येत नाही. थांबवायचा एकच मार्ग : पाणी साठवायचं नाही. वापरलेलं पाणी २४ तासांच्या आत संपलं पाहिजे, आणि एप्रिल-मेमध्ये मी तर म्हणेन सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत. पिंप असलं की माणूस ते भरतो, आणि भरलेलं रिकामं करायचा त्याला जीव होत नाही. म्हणून पिंप नको. ७-८ लिटरच्या पाच-सहा बादल्या ठेवा. भरली की वापरली, रात्री झोपताना सगळ्या रिकाम्या आणि पालथ्या. डेंग्यूचा डास आठवड्याभरात अंड्यापासून उडण्यापर्यंत पोचतो. ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणून सांगणारे आरोग्य कर्मचारी तुमच्याकडेही येऊन गेले असतील, ते पिंपासाठीच सांगतात.

आणि टब. साबणाच्या पाण्यात, प्लॅस्टिकच्या टबमध्ये, त्या वयाच्या बाई उभ्या राहतात हे वाचून मला घाम फुटला. शिवाय तो भरलेला टब पिंपात कोण उचलून ओततं? त्याच ना? खुब्याच्या एका ऑपरेशनच्या पैशात किती टँकर येतील, हा हिशोब ह्यांना करायला सांगा. सासूबाईंनी पाटावर किंवा स्टुलावर बसून, कोरड्या लादीवर पाय टेकून निवांत आंघोळ करावी आणि ते पाणी लादीतल्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमधून जाऊ द्यावं. घरात आंघोळीच्या पाण्याचा नाद सोडा. ते जमिनीवर पडतं, ते पकडायचं तर लादी फोडावी लागते. त्याचं काय करायचं ते पुढे सोसायटीच्या भागात सांगते. तुमच्या घरात त्याहून सोपं आणि त्याहून स्वच्छ पाणी रोज वाया जातंय, तिकडे लक्ष द्या.

ते म्हणजे आरओचं. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण टँकरवर चालणाऱ्या घरात बहुतेक वेळा आरओ असतोच. घरगुती आरओ एक लिटर प्यायचं पाणी देताना साधारण दोन ते तीन लिटर बाहेर टाकतो. पाच माणसांचं पिणं-स्वयंपाक २० लिटर धरलं तर किमान ४० लिटर सिंकमध्ये गेलं. त्या पाण्यात क्षार जास्त, बाकी काही नाही. साबण नाही, मळ नाही, वास नाही. फ्लशच्या टाकीत बिनदिक्कत ओतता येईल असं घरातलं हे एकच वापरलेलं पाणी. क्षारांमुळे कमोडवर पांढरे डाग धरतात, ते आठवड्यातून एकदा लिंबूसत्त्वाने निघतात.

दुसरं, मशीनचं. पण सगळं नाही. पहिलं, फेसाळ काळं पाणी जाऊ द्या, शेवटच्या खळबळण्याचं धरा. वरून झाकण उघडणारं मशीन एका वेळेला १०० लिटरच्या वर पाणी सहज घेतं, त्यातलं शेवटचं ४०-५० लिटर बऱ्यापैकी निवळ असतं. सेमी-ऑटोमॅटिक असेल तर सोन्याहून पिवळं, कारण पाणी कधी सोडायचं ते तुमच्या हातात असतं. त्यात लादी पुसल्याची बादली मिळवा.

नको ते कोणतं? भांडी घासल्याचं, कारण तेल आणि खरकटं. तान्ह्या बाळाचे लंगोट धुतल्याचं आणि घरात कोणाला जुलाब होत असताना त्याच्या कपड्यांचं, कारण ते नावाला कपड्यांचं पाणी असतं, प्रत्यक्षात संडासचंच. तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीत जातं, ते सासूबाईंना मी काय सांगणार.

हे पाणी कमोडमध्ये टाकायचं कसं, हेही एक तंत्र आहे. तांब्याने टाकलंत तर दहा तांबे जातात आणि काम होत नाही, नुसती पातळी वर-खाली होते. कमोडच्या पोटात वाकडा पाइप असतो, त्यातलं पाणी एकदम ढकललं गेलं तरच घाण पुढे सरकते. त्यासाठी पाच-सहा लिटर पाणी, कंबरेच्या उंचीवरून, एका दमात, कमोडच्या मागच्या उतारावर. झालं की उरलेलं अर्धा लिटर हळूच सोडा, म्हणजे त्या वाकड्या पाइपमध्ये पाणी उभं राहतं आणि ड्रेनेजचा वास घरात येत नाही. सासूबाईंनी बादली उचलायची नाही. त्यांनी नेहमीसारखा फ्लश ओढायचा. हे तुम्ही सांगू नका, ह्यांना सांगू द्या.

आता पंप का नको.

मी स्वतः हे करून बसलेय. इमारतींच्या पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी कागदावर काढण्यात माझी तीस वर्षं गेली, तरी घरी हौस म्हणून मशीन, पिंप, पंप, फ्लशची टाकी अशी साखळी जोडली होती. पहिला आठवडा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. मग चार दिवस गावाला गेलो. परतलो, दार उघडलं आणि यजमान दारातूनच मागे सरले. टाकीचं झाकण उचललं तर आत राखाडी पाणी, वर सायीसारखा थर, फ्लोटला कपड्यांच्या तंतूंची दाढी. फ्लोट अडकलेला, खालच्या रबरावर बुळबुळीत लेप. रबर नीट बसेना म्हणून टाकीतून कमोडमध्ये चार दिवस अखंड धार चालू होती, आणि टाकी भरत होती नळाच्या चांगल्या पाण्याने. दोन महिन्यांत वाचवलं असेल तेवढं त्या चार दिवसांत गेलं. साबणाचं पाणी कमोडमध्ये ओतायला हरकत नाही. टाकीत ते साठतं, म्हणून तिथे नको.

याहून मोठं कारण तुमच्या संडासच्या भिंतीवर आहे. कमोडच्या बाजूला खाली वाकून बघा. भिंतीतून एकच कॉक बाहेर आलेला असेल, त्याला दोन तोंडं : एक नळी फ्लशच्या टाकीला, दुसरी जेट स्प्रेला. टू-वे अँगल कॉक म्हणतात त्याला. ह्यांनी पंपाची नळी या लाइनला कुठेही टी लावून जोडली, तर मशीनचं पाणी जेटमध्ये येणार. मुलं त्याच पाण्याने धुणार, तुषार अंगावर उडणार. आणि गोष्ट संडासात संपत नाही. वरची टाकी रिकामी झाली आणि खालच्या मजल्यावर कोणी नळ उघडला की लाइनमध्ये ओढ तयार होते, पाणी उलटं खेचलं जातं. टँकरवर चालणाऱ्या इमारतीत टाकी रिकामी होणं ही काय नवलाची गोष्ट आहे? तुमच्या पिंपातलं पाणी मग दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात. ‘व्हॉल्व्ह बसवू की’ असं हे म्हणतील. व्हॉल्व्ह चांगला असतो तोपर्यंत चांगला.

हे भीती घालायला सांगत नाही. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टच्या नव्या वसाहतीत घरोघरी दोन लाइनी दिल्या होत्या, एक प्यायची आणि एक फ्लश-कपड्यांसाठी कमी शुद्ध केलेल्या पाण्याची. २००१ मध्ये तिथे दोन्ही लाइनी एकमेकींना जोडल्या गेल्या आणि लोक आजारी पडले. पुढे तिथल्या सरकारने अशा मोठ्या योजनांना रामराम केला. पाण्याच्या बाबतीत इतक्या काटेकोर देशात हे झालं. आणि तुम्ही तर धायरीच्या. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण सापडले तेव्हा संशयाची सुई पाण्याकडे गेली होती, त्या महिन्यात तुमच्या घरात पाणी कसं उकळून पीत होतात ते आठवा.

ह्यांना हात चालवायचेच असतील तर दोन कामं देते, दोन्ही पंपापेक्षा जास्त पाणी वाचवतील.

पहिलं, नीळ. कपड्यांची साधी नीळ, चार थेंब, फ्लशच्या टाकीत. अर्धा तास कोणी संडासला जायचं नाही. मग कमोडमध्ये बघा. पाणी निळसर झालं असेल तर टाकी गळते आहे. अशी गळती ऐकू येत नाही, दिसत नाही आणि रात्रंदिवस चालू असते. खालचं रबर बदललं की बंद होते, किरकोळ काम आहे. वापरलेल्या पाण्याच्या सगळ्या खटाटोपाआधी हे करा, नाहीतर एका हाताने गोळा करायचं आणि दुसऱ्याने सांडायचं.

दुसरं, टाकी मोजा. कॉक बंद करून फ्लश ओढा, आणि लिटरच्या मापाने टाकी पूर्वीच्या खुणेपर्यंत भरा. १९९८ ची मूळ टाकी असेल तर १० लिटरच्या आसपास भरेल. पाच माणसं, माणशी पाच वेळा, म्हणजे २५० लिटर. तीच टाकी बदलून ६ आणि ३ लिटरची, दोन बटणांची घेतलीत तर एकदा मोठं आणि चारदा छोटं असं धरून ९० लिटर. दिवसभर शाळा-ऑफिस असतं, म्हणजे खरा आकडा आणखी खाली. आता आरओचं ४० लिटर आणि मशीनचं ४०-५० लिटर याच्या शेजारी ठेवून बघा. २५० लिटर असताना जे अशक्य वाटत होतं ते ९० ला जवळजवळ जुळतं. मशीन रोज लागत नाही, त्या दिवशी नळाचं पाणी वापरा, एवढं मनाला लावून घेऊ नका. एक सावधगिरी : कमोड जुना असेल तर ६ लिटरमध्ये तो साफ होतो का ते आधी बादलीने करून बघा. होत नसेल तर टाकीबरोबर कमोडही बदलावा लागेल. आणि टाकी बदलताना प्लंबरकडून जेटचा कॉक वेगळा करून घ्या, पुढे उपयोगी पडेल.

पुढे म्हणजे सोसायटीत. तिथेच आंघोळीच्या पाण्याची खरी जागा आहे.

एखाद्या संध्याकाळी टॉर्च घेऊन संडास-बाथरूमच्या मागच्या डक्टमध्ये बघा. खाली उतरणारे पाइप किती आहेत? एकच जाडा पाइप असेल आणि सगळं त्यातच येत असेल तर विषय संपला, तोडफोड केल्याशिवाय काही होणार नाही. पण दोन असतील, एक चार इंची आणि शेजारी एक तीन इंची, तर तुमचं नशीब. चार इंची संडासचा. तीन इंची बहुतेक बाथरूमचा, तो खाली गल्ली ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीलगतच्या जाळीच्या छोट्या खड्ड्यात, येऊन पडतो आणि मगच चेंबरला मिळतो. म्हणजे सगळ्या मजल्यांचं आंघोळीचं पाणी तळाशी वेगळं हजर आहे, कोणाच्या घरात एक फरशी न फोडता. स्वयंपाकघराचा सिंक त्यात जोडलाय का, ते मात्र बघा. त्यानंतर गच्चीवर जा. टाक्या दोन आहेत का? बऱ्याच इमारतींत फ्लशची टाकी वेगळी असते आणि तिची लाइनही वेगळी उतरते, बोअरचं पाणी त्यात सोडता यावं म्हणून. तुमच्याकडे तशी असेल तर सगळ्यात खर्चिक काम बिल्डरने तेव्हाच करून ठेवलंय.

हिशोब असा : २० फ्लॅट, चार-चार माणसं धरली तर ८०, गुणिले ४५, म्हणजे दिवसाला ३,६०० लिटर फ्लशला. १० हजार लिटरचा टँकर तीन दिवसांत जवळजवळ एक. हे आकडे घेऊन मीटिंगला जा, मग बघा कोण हसतं. काम साधारण असं असतं : गल्ली ट्रॅपच्या आधी पाणी वळवायचं, जाळीतून केस-साबणाचे तुकडे अडवायचे, गाळ बसू द्यायचा, वाळू-खडीच्या गाळणीतून काढायचं, क्लोरीन द्यायचं आणि फ्लशच्या टाकीवर चढवायचं. साठवणाची टाकी एका दिवसात भरेल आणि रिकामी होईल एवढीच, मोठी बांधू नका. वर सांगितलेला वासाचा नियम इमारतीलाही लागू आहे. जास्तीचं पाणी परत ड्रेनेजला जायची वाट हवी. फ्लशच्या टाकीत चांगलं पाणी कमी पडल्यावर सोडायचं असेल तर तो पाइप वरून, पाण्यापासून वीतभर उंच सोडायचा, तो कधीही बुडता कामा नये. अभ्यंगस्नानाच्या दिवशी तेल-उटण्यामुळे गाळणी तुंबते, तेवढे दिवाळीचे दिवस पाणी सरळ सोडून द्यायचं.

सुरू करण्याआधी एक परीक्षा, तिला फाटा नाही. फ्लशच्या लाइनचा गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि २० घरांत प्रत्येक नळ सोडून बघा. फक्त फ्लशच कोरडा पडायला हवा. बेसिनचा नळ, जेट किंवा मशीनचा नळ कोरडा पडला, तर मधल्या पंचवीस वर्षांत कोणीतरी नूतनीकरण करताना फ्लशच्या लाइनमधून जोड घेतलाय. असे एक-दोन निघतातच. ते तोडल्याशिवाय थेंबभर वापरलेलं पाणी वर चढवायचं नाही, आणि जेट सगळ्यांचे चांगल्या पाण्यावर घ्यायचे. त्यासाठीच वेगळा कॉक.

आणि मीटिंगमध्ये यंत्राची किंमत विचारण्याआधी एक विचारा : गाळणी दर आठवड्याला कोण धुणार? २० हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम असलेल्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते, अशा मोठ्या संकुलांत पाणी शुद्ध करायचं केंद्र असतं, फ्लशची वेगळी लाइनही असते. त्यातली कितीतरी मी वीजबिल वाचवायला बंद ठेवलेली पाहिलीत, वर टँकर चालू. तुमच्याकडे वॉचमनच्या पगारात त्या कामाचे पैसे धरणार नसतील तर यात पडू नका, बादल्याच बऱ्या.

पंप परत करता येत नसेल तर ठेवून द्या. खालच्या टाकीची सफाई होते तेव्हा तळाचं शेवटचं वीतभर पाणी उपसायला नेहमी माणूस लागतो, तिथे उपयोगी पडेल. पण ह्यांनी तो चाचणी म्हणून एकदा पिंपात बुडवला असेल, आणि मला वाटतं बुडवला असणारच, तर प्यायच्या टाकीत नाही. मग तो पावसाळ्यात पार्किंगमध्ये तुंबलेलं पाणी काढायला.